वरच्या जबड्याचे हाड झिजले असेल, तर इम्प्लांटचा पर्याय कसा निवडावा

गेल्या वर्षी माझ्या लातूरच्या दवाखान्यात औसा तालुक्यातील एका गावाहून ५८ वर्षांच्या मावशी आल्या. त्यांच्या पिशवीत गुंडाळलेली ओपीजीची, म्हणजे संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेची, फिल्म होती आणि वरच्या जबड्यात पुढचे तीन हलणारे दात तेवढे उरले होते. "दोघाजणांनी सांगितलं, हाडच न्हाई म्हणून. मग आता कवळीच घालायची का ओ?" असे त्यांनी विचारले. मी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. दाढांच्या रिकाम्या जागेवर सायनसची काळी पोकळी, पावसाच्या पाण्याने भरलेली ताडपत्री ओथंबावी तशी, खाली उतरली होती आणि तिच्या तळाची पांढरी रेघ हिरडीच्या कडेला जवळजवळ टेकली होती. सुळ्यांच्या आसपास मात्र हाडाची बऱ्यापैकी उंच पट्टी शिल्लक दिसत होती. पुढे सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय, स्कॅन केल्यावर पहिल्या दाढेच्या जागी ३ मिलिमीटर आणि सुळ्यांच्या दरम्यान ११ ते १२ मिलिमीटर हाड असल्याचे दिसले. आधीच्या दोन्ही डॉक्टरांनी सांगितले ते दाढांपुरते खरे होते, संपूर्ण जबड्यासाठी ते पुरेसे नव्हते.

हा लेख अशाच रुग्णांसाठी आणि त्यांना दवाखान्यात घेऊन येणाऱ्या मुला-मुलींसाठी आहे. "हाड नाही" हे शब्द कानावर पडले की रुग्ण एकतर आशा सोडतो, नाहीतर जो कोणी "आमच्याकडे होईल" म्हणेल त्याच्याकडे धावतो, आणि दोन्ही बाबतीत नुकसान त्याचेच होते. त्यामुळे इम्प्लांटचा, म्हणजे दात बसवण्यासाठी हाडात घालायच्या टायटेनियमच्या स्क्रूचा, पर्याय निवडण्याआधी हाड नेमके कोठे, किती मिलिमीटर उंच आणि किती रुंद उरले आहे, हे आकड्यांत समजून घ्यावे.

वरचे हाड लवकर का झिजते

दाताभोवतीचे हाड दातासाठीच असते. दात काढला की त्या हाडाला चावण्याचा भार मिळेनासा होतो आणि शरीर ते हळूहळू शोषून घेते. दात काढल्यानंतरच्या पहिल्या वर्षात त्या जागेची रुंदी जवळपास निम्म्याने कमी होऊ शकते आणि त्यातील बहुतेक झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. वरच्या जबड्यात ही झीज मुख्यतः गालाच्या आणि ओठाच्या बाजूने होत असल्याने हाडाची कमान आतल्या बाजूला आक्रसते आणि ओठ बसल्यासारखे दिसू लागतात. दाढांच्या वर सायनस ही हवेची पोकळी असते. दाढा गेल्यावर ती खाली पसरते, म्हणजे हाड खालून झिजते आणि वरूनही पोकळी त्यात शिरते. शिवाय वरच्या जबड्याच्या मागच्या भागातील हाड मुळातच खालच्या जबड्यापेक्षा मऊ आणि जाळीदार असते, त्यामुळे स्क्रूला तेथे घट्ट पकड मिळणे अवघड जाते.

पायोरियाने दात हलत असताना ते वर्षानुवर्षे तसेच ठेवणे, सैल कवळी चिकट पावडर लावून वापरत राहणे, आणि वर पूर्ण कवळी असताना खाली फक्त पुढचे स्वतःचे दात असणे, ही झिजेची नेहमीची कारणे आहेत. यांपैकी शेवटच्या स्थितीत खालचे दात वरच्या पुढच्या हाडावर सतत आदळतात आणि तेथे हाडाऐवजी हलणारी, मऊ हिरडी तेवढी उरते.

एक वेगळा गटही नोंदवायला हवा. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसमुळे (काळ्या बुरशीमुळे) अनेकांच्या वरच्या जबड्याचा भाग शस्त्रक्रियेने काढावा लागला, आणि मराठवाड्यातही असे रुग्ण आहेत. त्यांच्याकडे हाड झिजलेले नसून मुळात काढून टाकलेले असते, त्यामुळे त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. तो पुढे केला आहे.

निर्णयापूर्वी करायच्या तपासण्या

ओपीजी ही सपाट प्रतिमा असते. तिच्यात मापे वाढून दिसतात आणि हाडाची रुंदी तर कळतच नाही. म्हणून हाड कमी असल्याची शंका असेल, तर सीबीसीटी स्कॅनशिवाय इम्प्लांटचा निर्णय घेऊ नये आणि कोणी घ्यायला लावत असेल, तर थांबावे. स्कॅन केल्यावर केवळ छापील कागद न घेता मूळ डिजिटल फाइल सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर मागून घ्यावी. दुसऱ्या डॉक्टरांचे मत हवे असल्यास ती फाइल छत्रपती संभाजीनगरला, पुण्याला किंवा हैदराबादला पाठवता येते आणि स्कॅन पुन्हा करावा लागत नाही.

स्कॅन समोर असताना डॉक्टरांना तीन जागांची मापे विचारून कागदावर लिहून घ्यावीत: दोन सुळ्यांमधला पुढचा भाग, उपदाढांचा भाग आणि दाढांचा भाग. प्रत्येक जागी उंची किती आणि रुंदी किती, हे दोन्ही आकडे हवेत. सायनसच्या आत सूज, कफ किंवा जाड झालेला पडदा दिसतो का, हेही विचारावे. दिसत असेल, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवून तो आजार बरा करून घ्यावा, कारण आजारी सायनसमध्ये केलेले काम टिकत नाही.

मधुमेह असल्यास तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी चाचणी करावी. हा आकडा साधारण ७ च्या आसपास असावा आणि ८ च्या वर असेल, तर ठरवून होणारी शस्त्रक्रिया पुढे ढकलणे योग्य ठरते. ऑस्टिओपोरोसिससाठी (हाडे ठिसूळ होण्याच्या आजारासाठी) वर्षातून एकदा घेतले जाणारे झोलेड्रॉनिक अॅसिडचे इंजेक्शन किंवा त्याच प्रकारच्या गोळ्या घेत असाल, कर्करोगासाठी डोक्या-मानेवर रेडिएशन झाले असेल, किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर हे सर्व न विचारताच सांगावे. अशा औषधांनंतर जबड्याचे हाड भरून न येण्याचा धोका असतो. मात्र कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. ते फिजिशियनशी बोलूनच ठरवावे.

तंबाखूविषयी मी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागात इम्प्लांट अपयशी ठरण्यामागे मला हे कारण वारंवार दिसते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी सुपारी-तंबाखू मळून खाणे थांबलेले नाही, आणि अनेक घरांत स्त्रिया आजही सकाळी मिश्रीने दात घासतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच आहे आणि इम्प्लांटच्या दृष्टीने ती बिडी-सिगारेटइतकीच वाईट. "मी तंबाखू खात नाही, फक्त मिश्री लावते" असे सांगणाऱ्या आजींना मी समोरच्या खुर्चीवर एकटीला बसवून हे समजावतो, कारण सुनेसमोर त्या कबूल करत नाहीत. सुपारीचा दुसरा परिणाम असा की तोंडाच्या आतील त्वचा कडक होऊन तोंड उघडणे कमी होते. सर्वसाधारण माणसाचे तोंड पुढच्या दातांमध्ये सुमारे ४० मिलिमीटर उघडते. स्वतःची तीन बोटे उभी धरून आत जात नसतील, तर मागच्या बाजूच्या सायनस लिफ्टसाठी (सायनसचा तळ वर उचलून हाड वाढवण्यासाठी) किंवा गालाच्या हाडातल्या इम्प्लांटसाठी लागणारी लांब उपकरणे आत नेणे अवघड होते. अशा रुग्णाने आधी तोंड उघडण्यासाठी उपचार घ्यावेत.

मापानुसार कोणता मार्ग

दाढेच्या जागी ८ ते १० मिलिमीटर उंची आणि पुरेशी रुंदी असेल, तर नेहमीचा इम्प्लांट बसतो आणि या लेखाची आपल्याला फारशी गरज नाही. उंची पुरेशी पण रुंदी कमी असेल, तर हाडाच्या कडेला हाडाची पावडर आणि वर पडदा ठेवून रुंदी वाढवतात, किंवा हाडाची कड मध्यभागी फोडून किंचित फाकवतात. बारीक व्यासाचे इम्प्लांटही काही जागी चालतात, पण दाढेच्या जागी एकटा बारीक इम्प्लांट मी टाळतो.

उंची ५ ते ८ मिलिमीटरच्या दरम्यान असेल, तर दोन मार्ग असतात. ६ ते ८ मिलिमीटर लांबीचे आखूड इम्प्लांट बसवणे हा पहिला. त्यात सायनसला हातच लागत नाही, म्हणून वयस्कर आणि इतर आजार असलेल्या रुग्णांत मला तो पसंत आहे. मात्र अशा ठिकाणी शक्यतो दोन-तीन इम्प्लांट एकमेकांना जोडून भार वाटून द्यावा. दुसरा मार्ग म्हणजे इम्प्लांटसाठी पाडलेल्या त्याच छिद्रातून सायनसचा तळ हलकेच वर उचलणे. ही पद्धत रॉबर्ट समर्स यांनी १९९४ मध्ये मांडली. हल्ली ठोकण्याऐवजी खास ड्रिलने किंवा पाण्याच्या दाबाने तळ उचलतात, त्यामुळे डोक्यात घुमणारे ते ठोके सहन करावे लागत नाहीत.

उंची ४-५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर बाजूने खिडकी पाडून करण्याच्या सायनस लिफ्टचा विचार होतो. अमेरिकेतील हिल्ट टेटम यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत सुरू केली आणि फिलिप बॉइन व रॉबर्ट जेम्स यांनी १९८० मध्ये ती लिखित स्वरूपात प्रसिद्ध केली. नावाने रुग्ण घाबरतात, म्हणून ती नेमकी कशी होते ते सांगतो. जागा बधिर करून हिरडी बाजूला केली जाते आणि गालाच्या बाजूच्या पातळ हाडात अंगठ्याच्या नखाएवढी खिडकी पाडली जाते. आत सायनसचे अस्तर दिसते. उकडलेल्या अंड्याच्या कवचाखाली जो पातळ पापुद्रा असतो, तसे ते असते आणि श्वासाबरोबर हलताना दिसते. लहान वाकड्या उपकरणांनी हे अस्तर हाडापासून सर्व बाजूंनी सुटे करून वर ढकलतात आणि त्याखाली तयार झालेल्या जागेत हाडाची पावडर भरतात. मूळ हाड ४-५ मिलिमीटर असून इम्प्लांट त्यात पक्का धरत असेल, तर त्याच बैठकीत इम्प्लांट बसवता येतो. हाड त्याहून कमी असेल, तर पावडरीचे हाडात रूपांतर होण्यासाठी साधारण ६ ते ९ महिने थांबून मग इम्प्लांट बसवतात, आणि त्यानंतर दात लागेपर्यंत आणखी चार-सहा महिने जातात. सर्व मिळून वर्ष-सव्वा वर्ष लागते, हे आधीच मनाशी ठरवून घ्यावे.

या शस्त्रक्रियेतील नेहमीची अडचण म्हणजे अस्तर फाटणे. लहान फाट कोलॅजनच्या पडद्याने झाकून काम पुढे नेता येते. मोठी फाट पडली, तर जबाबदार डॉक्टर तेथेच थांबतो, जखम शिवतो आणि काही महिन्यांनी पुन्हा प्रयत्न करतो. असे थांबणे ही डॉक्टरांची चूक मानू नये. फाटलेल्या अस्तरातून पावडर भरून काम "पूर्ण" करणाऱ्याकडे गेलेले रुग्ण पुढे नाकातून वाहणारी दुर्गंधी घेऊन आलेले मी पाहिले आहेत.

हाडाची पावडर कशाची असते, हे बहुतेक रुग्ण विचारत नाहीत आणि बहुतेक डॉक्टर सांगत नाहीत, आणि ते मला पटत नाही. रुग्णाच्याच हनुवटीतून, जबड्याच्या मागच्या भागातून किंवा कमरेच्या हाडातून घेतलेले हाड हा एक प्रकार, मानवी दात्याकडून आलेले प्रक्रिया केलेले हाड हा दुसरा, गाईगुरांच्या हाडापासून बनवलेली पावडर हा तिसरा आणि प्रयोगशाळेत तयार केलेले कॅल्शियमचे संयुग हा चौथा. वर ठेवायचा कोलॅजनचा पडदा बहुधा गाईचा किंवा डुकराचा असतो. आपल्याकडे शाकाहारी, जैन, मुस्लिम आणि इतर अनेक कुटुंबांना हा प्रश्न मनापासून महत्त्वाचा असतो, तेव्हा शस्त्रक्रियेच्या आधीच डब्यावरचा मजकूर दाखवायला सांगावा. प्रयोगशाळेतील पर्याय आणि रुग्णाच्याच रक्तापासून बनवलेला पीआरएफचा थर वापरून बहुतेक वेळा मार्ग काढता येतो.

सगळेच दात गेले असतील तेव्हा

पूर्ण वरची रांग लावायची असेल आणि हाड केवळ पुढच्या भागात शिल्लक असेल, तर चार इम्प्लांटवर पूर्ण रांग बसवण्याची पद्धत उपयोगी पडते. लिस्बनच्या पाउलो मालो यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती रूढ केली. पुढे दोन इम्प्लांट सरळ आणि मागे दोन सुमारे ३० ते ४५ अंशांत तिरपे बसवतात. तिरपेपणामुळे सायनसला वळसा पडतो, लांब इम्प्लांट बसतो आणि पावडर भरावी लागत नाही. आमच्या मावशींच्या जबड्यात हे शक्य होते.

तिरप्या इम्प्लांटच्याही मागे आधार हवा असेल, तर शेवटच्या दाढेच्या मागून टाळूमागच्या टेरिगॉइड हाडात जाणारे टेरिगॉइड इम्प्लांट वापरतात. ते १५ ते २० मिलिमीटर लांब असतात. त्या भागात मोठ्या रक्तवाहिन्या असल्याने हे काम त्याचा भरपूर सराव असलेल्या सर्जनकडूनच करून घ्यावे.

पुढे आणि मागे दोन्हीकडे हाड संपले असेल, तर गालाच्या हाडात पकड घेणारे झायगोमॅटिक इम्प्लांट हा मार्ग उरतो. ज्यांनी टायटेनियम हाडाशी एकजीव होते हे शोधून १९६५ मध्ये पहिल्या रुग्णावर दातांचे इम्प्लांट बसवले, त्याच स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रानेमार्क यांनी हे लांब इम्प्लांटही पुढे आणले. त्यांची लांबी ३० मिलिमीटरपासून ५० मिलिमीटरच्या थोडी पुढेपर्यंत असते, म्हणजे करंगळीएवढा लांब स्क्रू. दोन्ही बाजूंना एकेक आणि पुढे साधे इम्प्लांट, किंवा पुढेही हाड नसल्यास दोन्ही बाजूंना दोन-दोन, अशी मांडणी असते. अनुभवी हातांत याचे परिणाम चांगले आहेत आणि बऱ्याचदा काही दिवसांतच तात्पुरते दात लावता येतात. पण इम्प्लांटचे टोक डोळ्याच्या खोबणीजवळून जाते आणि त्याचा मधला भाग सायनसमधून किंवा त्याच्या बाजूने जातो, त्यामुळे सायनसचा जुनाट आजार, गालावरचा बधिरपणा आणि क्वचित डोळ्याला इजा हे धोके खरे आहेत. ही शस्त्रक्रिया बहुधा पूर्ण भूल देऊन किंवा गुंगी देऊन, भूलतज्ज्ञांच्या उपस्थितीत, मॅक्झिलोफेशियल (जबडा-चेहऱ्याच्या) सर्जनने करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सर्जनना "आपण स्वतः असे किती रुग्ण केले आणि त्यांना नंतर किती वर्षे तपासले?" हे विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही.

म्युकरमायकोसिसनंतर जबड्याचा भाग गेलेल्या रुग्णांमध्ये हेच इम्प्लांट, किंवा स्कॅनवरून त्या एका रुग्णासाठी घडवलेली धातूची चौकट, उपयोगी ठरते. मात्र आजार पूर्ण गेल्याची खात्री कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि मॅक्झिलोफेशियल सर्जन दोघांनी लेखी द्यावी आणि साखर सातत्याने ताब्यात असावी. तोपर्यंत टाळूचे भोक बंद करणारी काढ-घाल करण्याची प्लेट, म्हणजे ऑब्च्युरेटर, वापरून नीट बोलता आणि गिळता येते. या प्लेटला रुग्ण फार कमी लेखतात. वरणाचा घोट नाकातून परत न येणे काय असते, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना विचारावे.

"तीन दिवसांत पक्के दात" अशा जाहिराती आता जिल्ह्याच्या गावांतही दिसतात. त्या बहुधा बेसल प्रकारच्या एकसंध इम्प्लांटच्या असतात, जे हाडाच्या कडक बाहेरील थरात पकड घेतात. योग्य रुग्णात, योग्य हातात हा मार्ग चालतो, पण त्याबद्दल तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत, आणि तो बिघडल्यास काढून टाकण्याचे काम कठीण असते. कोणत्याही पद्धतीत तत्काळ दात लावायचे असतील, तर इम्प्लांट बसवताना पुरेशी घट्ट पकड मिळावी लागते. ती साधारण ३५ न्यूटन-सेंटिमीटर मोजली जाते आणि मऊ हाडात ती मिळेलच असे शस्त्रक्रियेपूर्वी कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तेव्हा "पकड मिळाली नाही, तर तुमची पुढची योजना काय?" हा प्रश्न विचारावा. उत्तर तयार नसेल, तर आपण घाई करू नये.

आता मावशींकडे येतो. त्यांचे एचबीए१सी ९ च्या वर होते. पहिले तीन महिने आम्ही फक्त साखर, मिश्री आणि ते तीन हलणारे दात यांवर घालवले. नंतर त्यांच्यासमोर तिरप्या इम्प्लांटवरची फिक्स रांग आणि चार इम्प्लांटवर बटणांनी बसणारी, स्वतःच्या हाताने काढता येणारी कवळी असे दोन्ही पर्याय ठेवले. त्यांनी दुसरा निवडला. गावाहून लातूरला वारंवार येणे त्यांना जमणार नव्हते आणि रोज रात्री ती काढून नळाखाली घासणे त्यांना जमणार होते. वरच्या जबड्यात अशा कवळीसाठी किमान चार इम्प्लांट असावेत, कारण तेथील हाड मऊ असते. चार इम्प्लांट असले की कवळीचा टाळूवरचा भाग बऱ्याचदा कापून टाळू मोकळा ठेवता येतो. पहिल्या दिवशी त्यांनी गरम वरणाचा घोट घेतला आणि "चव लागायली" म्हणाल्या. हा पर्याय फिक्स दातांपेक्षा हलका मानण्याचे काही कारण मला दिसत नाही. आणि ज्यांची प्रकृती कोणतीच शस्त्रक्रिया झेपणारी नाही, त्यांनी नीट मापे घेऊन केलेली साधी कवळी निर्धास्तपणे वापरावी. मात्र ती सैल झाली की आतून पुन्हा भरून घ्यावी, नाहीतर तीच हाड झिजवते.

खर्च, कागद आणि वेळेचे नियोजन

उपचार सुरू होण्यापूर्वी लेखी योजना मागावी. स्कॅन, पावडर, पडदा, इम्प्लांट, तात्पुरते दात आणि अंतिम दात यांचे दर वेगवेगळे लिहिलेले असावेत आणि इम्प्लांट पहिल्या वर्षात निघाला, तर काय होईल हेही त्यात असावे. "सगळे मिळून एवढे" असा तोंडी आकडा नंतर वादाला कारण होतो. खर्चाचा ताण असेल, तर छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय आणि मराठवाड्यातील इतर दंत महाविद्यालये येथे चौकशी करावी. तेथे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, पण शुल्क कमी असते.

शस्त्रक्रियेनंतर इम्प्लांटच्या पाकिटावरचे स्टिकर असलेले कार्ड अवश्य घ्यावे. त्यावर कंपनीचे नाव, व्यास, लांबी आणि बॅच क्रमांक असतो. पाच वर्षांनी उदगीरमध्ये किंवा किनवटमध्ये असताना दातांचा स्क्रू सैल झाला, तर हे कार्ड नसताना कोणते पान्हे आणि कोणते सुटे भाग लागतील, हे कोणत्याही डॉक्टरला कळत नाही. सातबारा ठेवता त्याच पेटीत हे कार्ड ठेवावे.

आपल्याकडील कामाचे हंगाम लक्षात घेऊनच तारखा ठराव्यात. बीड आणि शेजारच्या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्याच्या आठवडाभर आधी शस्त्रक्रिया मुळीच करून घेऊ नये. फडावर टाके काढायला कोणी नसते आणि मोळी डोक्यावर घेऊन वाकणे सायनस लिफ्टनंतर घातक ठरते. परत आल्यावर उन्हाळ्यात पहिला टप्पा करावा. टाके निघून जखम बसली की पुढच्या हंगामात हाड भरण्याचा काळ आपोआप निघून जातो. बाहेरच्या शहरात शस्त्रक्रिया करणार असाल, तर नंतरची तपासणी गावाजवळ कोण करणार, हे त्या सर्जनशी आणि स्थानिक डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावे.

शस्त्रक्रियेनंतर घरी

सायनस लिफ्ट किंवा गालाच्या हाडातील इम्प्लांट झाल्यानंतर किमान दोन आठवडे नाक शिंकरू नये, शिंक आली तर तोंड उघडे ठेवून शिंकावे, नळीने काही पिऊ नये आणि जोरात चूळ भरून थुंकू नये. फुंकणीने चूल फुंकू नये. ही सूचना छापील पत्रकात सापडत नाही, पण आमच्याकडे तिची गरज पडते. जलनेती, कपालभाती आणि भस्त्रिका या काळात बंद ठेवावेत. खाली वाकून जड वस्तू उचलू नये आणि विमानप्रवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

पहिले दोन दिवस कोमट-गार, पातळ अन्न घ्यावे: ज्वारीची आंबील, ताक, वरणाचे पाणी. त्यानंतर मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, दूध-भात, कुस्करलेली भाजी चालते. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, फुटाणे आणि हुरडा डॉक्टर सांगतील तोवर दूर ठेवावेत. लगेच दात लागलेल्या रुग्णांना हे पाळणे सर्वांत अवघड जाते, कारण दात असतात आणि दुखतही नाही. पण हाड धरण्याच्या त्या काळातच चावण्याचा भार इम्प्लांटला आतल्या आत हलवतो. वरच्या जबड्यात हे हाड धरायला साधारण चार ते सहा महिने लागतात.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत वाढते आणि मग उतरते, आणि नाकातून थोडे रक्तमिश्रित पाणी पहिले एक-दोन दिवस येऊ शकते. त्याने घाबरू नये. मात्र तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढत गेली, पाणी पिताना ते नाकातून बाहेर आले, एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त पिवळा स्राव येऊ लागला, किंवा ताप चढला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गालाच्या हाडातील इम्प्लांटनंतर एकाचे दोन दिसू लागले, तर दिवस उजाडण्याची वाट पाहू नये.

दात लागल्यानंतर रोज दोन वेळा मऊ ब्रशने, आणि दातांच्या रांगेखाली शिरणाऱ्या बारीक ब्रशने रोज एकदा स्वच्छता करावी. कडुलिंबाची काडी चघळल्याने इम्प्लांटभोवतीची हिरडी खरवडली जाते, म्हणून ती वापरू नये. इम्प्लांटला किडीचा धोका नसतो, पण त्याच्याभोवतीची हिरडी सुजून हाड पुन्हा झिजू शकते आणि हे बहुधा न दुखता होते. त्यामुळे पहिल्या वर्षी दर तीन-चार महिन्यांनी आणि पुढे दर सहा महिन्यांनी तपासणी करावी, आणि वर्षातून एकदा एक्स-रे काढून मागच्या एक्स-रेशेजारी ठेवून हाडाची पातळी पाहावी. हिरडीतून ब्रश करताना रक्त येत असेल किंवा दाबल्यावर पू दिसत असेल, तर सहा महिन्यांची वाट न पाहता लगेच यावे.